पावती असलेली वाळू

घराच्या हप्त्यांचा हिशेब मी एक्सेलमध्ये काटेकोर ठेवतो. पण जळगावातल्या माझ्या फ्लॅटच्या स्लॅबमध्ये गिरणेची वाळू किती, याला त्यात रकाना नाही. वाळू ब्रासवर विकतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. रॉयल्टी भरली, पावती मिळाली, व्यवहार संपला. खरंच संपला?

नदी डोंगर झिजवून वाळू करते आणि पुरात पुढे ढकलत नेते. 1969 मध्ये गिरणा धरण झालं, तेव्हापासून वरून येणारी वाळू भिंतीमागे अडकते. खाली सुटणारं पाणी रिकाम्या हाताचं, म्हणून ते पात्रच खरवडतं. त्यात शहराच्या बांधकामांसाठी आपले डंपर. आवक थांबलेली, उचल चालूच. वाळू म्हणजे नदीची पाण्याची टाकी; ती गेली की काठच्या विहिरी आटतात.

धुळ्याच्या पांझरेसारख्या शहरातून जाणाऱ्या नदीचं दुखणं आणखी वेगळं. छपरांवरचं, काँक्रीटवरचं पाणी जिरत नाही, एकदम पात्रात उतरतं आणि एरवी जागचे न हलणारे गोटेही ओढून नेतं.

2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छोट्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. बरंच झालं. पण मंजुरीने वाळू कायदेशीर होते, फुकट गेलेली विहीर भरत नाही. ती आणखी खोल खणायचा खर्च आज शेतकरी करतो. माझ्या मते तो आम्हा फ्लॅटवाल्यांचा आहे, ब्रासच्या दरातच धरायला हवा. घरं महागतील, हे मला दिसतंय.