ऐंशीतला सूर आणि चाहत्याचा हक्क

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका परिसंवादात एका ज्येष्ठ समीक्षकांनी दोन विधानं केली आणि सभागृहाने ती मान डोलावून स्वीकारली. पहिलं विधान असं, की चाहत्याचं मत हे मत नसतं, ते इमान असतं. त्याला समीक्षेत जागा नाही. दुसरं विधान असं, की रोलिंग स्टोन्ससारख्या बँडने ऐंशीच्या घरात नवा अल्बम काढणं हा बाजाराचा व्यवहार आहे, कलेचा नाही. उत्तराला मला पाच मिनिटं देऊ केली होती. मी ती घेतली नाहीत, कारण ज्या गोष्टीवर माझी चाळीस वर्षं गेली ती पाच मिनिटांत मांडता येत नाही. ते राहिलेलं उत्तर इथे लिहितो आहे.

वाद ज्याच्यावरून पेटला तो ‘हॅकनी डायमंड्स’ २० ऑक्टोबर २०२३ रोजी आला. स्टोन्सचा त्याआधीचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम ‘अ बिगर बँग’ २००५ सालचा. मध्ये २०१६ मध्ये ‘ब्लू अँड लोनसम’ आला, पण ती सगळी जुन्या ब्लूज गायकांची गाणी होती. म्हणजे नव्या गाण्यांसाठी अठरा वर्षं वाट पाहिली गेली. त्या दिवशी मिक जॅगर ऐंशी वर्षांचा होता, कीथ रिचर्ड्स एकोणऐंशीचा, रॉनी वुड शहात्तरचा. ज्याच्या ड्रमवर हा बँड १९६३ पासून उभा होता तो चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ रोजी गेला होता. अल्बमचं नाव लंडनच्या बोलीतलं आहे. गाडीची काच फोडून चोरी झाली की रस्त्यावर जो चुरा चमकतो, त्याला तिथे हॅकनीचे हिरे म्हणतात.

अल्बम येताच चाहत्यांत उभी फूट पडली. एका गटाला ‘सम गर्ल्स’ किंवा ‘टॅटू यू’ या जुन्या अल्बमनंतरचं हे सर्वांत चांगलं काम वाटलं. दुसऱ्या गटाची तक्रार होती, की १९९० साली जन्मलेल्या निर्मात्याने, अँड्र्यू वॉटने, सगळं घासून पुसून गुळगुळीत केलं. जॅगरचा आवाज यंत्राने सुरात बसवल्यासारखा वाटतो. लेडी गागा, एल्टन जॉन, पॉल मॅकार्टनी, स्टीव्ही वंडर अशा पाहुण्यांची गर्दी झाली. तिसरा गट सर्वांत दुःखी होता. त्यांच्या मते चार्ली नाही तर स्टोन्स नाहीत. मग उरलं ते केवळ नाव.

हे सगळं इमान आहे, मत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. अल्बमच्या बारा गाण्यांपैकी दोन गाण्यांत चार्ली वाजतो. ‘मेस इट अप’ आणि ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’ यांचं त्याचं वादन त्याच्या मृत्यूपूर्वी ध्वनिमुद्रित झालं होतं. शेवटचं ड्रमविना गाणं सोडलं, तर उरलेल्या गाण्यांत स्टीव्ह जॉर्डन आहे, आणि जॉर्डन मोठा वादक आहे. तरीही जुना चाहता ही दोन गाणी पहिल्या काही ठोक्यांत ओळखतो. स्नेअरवर ठोका पडताना चार्ली हाय-हॅट या झांजजोडीवरचा उजवा हात उचलून घेत असे, त्यामुळे प्रत्येक ठोक्याभोवती इवलीशी मोकळी जागा राहते. शिवाय बहुतेक बँड ड्रमच्या मागे चालतात. स्टोन्समध्ये चार्ली कीथच्या गिटारच्या मागे, केसभर उशिराने चालत असे, आणि त्या केसभर अंतरात या बँडचा सगळा झोल होता. हे कानाने टिपणं, त्याला शब्द देणं आणि त्यावरून बाकीच्या गाण्यांत काय हरवलं ते सांगणं ही समीक्षा नसेल, तर समीक्षा कशाला म्हणायचं?

आपल्या भाषेत ‘रसिक’ आणि ‘चाहता’ हे दोन शब्द आहेत, आणि आपण त्यांना शेजारी बसू देत नाही. रसिकाला सभागृहात पुढची खुर्ची मिळते, चाहत्याला मैदानात कुंपणामागे उभं केलं जातं. मल्लिकार्जुन मन्सूरांना खरी कीर्ती साठी गाठल्यावर मिळाली, आणि त्यांच्या उतारवयातल्या गाण्याला आपण जाणत्या कानाने दाद दिली. आवाज थकला असेल, पण रागाची वाट अधिक उजळली, असं आपण म्हणालो आणि ते खरंही होतं. मग तसाच कान घेऊन कुणी जॅगरकडे वळला तर त्याला भाबडा का ठरवायचं? खयालाला म्हातारपण शोभतं आणि रॉकला शोभत नाही, हा नियम कुठल्या शास्त्रात लिहिला आहे?

७ एप्रिल २००३ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर स्टोन्स वाजले तेव्हा मी तिथे होतो. त्यांचा तो पहिलाच भारतदौरा होता. तीन दिवस आधी ते बंगळूरला वाजले होते. जॅगर तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होता, आणि ‘या वयात कशाला’ हा प्रश्न तेव्हाही लोक विचारतच होते. मी रात्रभर चार्लीकडे पाहत होतो. बाकीचे सगळे हलत होते आणि तो स्थिर होता. म्हणून ‘हॅकनी डायमंड्स’ पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात एकदमच सामील झालो. अल्बम बंद केला आणि मित्रांना कळवलं, की हा वॉटचा अल्बम आहे, स्टोन्सचा नाही.

मग मी समीक्षक एडवर्ड सैदच्या लिखाणाकडे गेलो. अशा पेचात मी नेहमी त्याच्याकडे जातो. १९९१ मध्ये त्याला रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालं, आणि त्यानंतरची वर्षं एक प्रश्न त्याला सोडत नव्हता. मरण जवळ आल्यावर कलावंताच्या कामाचं काय होतं? कोलंबिया विद्यापीठात त्याने हा विषय शिकवला. स्टोन्स मुंबईत वाजले त्याच वर्षी, सप्टेंबर २००३ मध्ये, तो गेला, आणि उत्तरशैलीवरचं, म्हणजे कलावंताच्या अखेरच्या काळातल्या शैलीवरचं, त्याचं पुस्तक २००६ मध्ये निघालं. त्या विचाराचं मूळ तत्त्वज्ञ अडोर्नोने १९३७ मध्ये बेटहोवनच्या अखेरच्या कृतींवर प्रसिद्ध केलेल्या छोट्या निबंधात आहे. वयाबरोबर शहाणपण येतं, कलावंत जगाशी समेट करतो आणि पिकल्या फळासारखी कृती देतो, असं मानायला आपल्याला आवडतं. सैद ते नाकारत नाही; काहींच्या बाबतीत तसं घडतं हे तो मान्य करतो. पण त्याला ओढ आहे ती दुसऱ्या जातीच्या कलावंतांची. शेवट आला तरी ते समेट करत नाहीत. त्यांच्या कृतीत भेगा असतात, सांधे उघडे दिसतात, विरोध मिटत नाही. स्वतःच्या काळात राहूनही ते काळाला पाठ देऊन उभे राहतात.

या कसोटीने मी ‘हॅकनी डायमंड्स’ला नापास केलं. सैदची उत्तरशैली सांधे उघडे ठेवते. इथे प्रत्येक भेगेवर गिलावा होता. माझा राग होता तो त्या गिलाव्यावर, आणि सैदच्या आधाराने तो मला शास्त्रशुद्ध वाटू लागला. काही महिने मी तसंच मानलं आणि बोललोही.

पण सैद पुन्हा वाचताना एक अडचण जाणवली. त्याचे नायक बहुतेक एकटे आहेत. बहिरा झालेला आणि कागदावर लिहीत बसलेला बेटहोवन, मैफली सोडून स्टुडिओत गेलेला पियानोवादक ग्लेन गूल्ड, अलेक्झांड्रियातला कवी कवाफी. त्यांचं वार्धक्य एका देहात घडतं. बँडचं तसं नसतं. बँड हप्त्याहप्त्याने म्हातारा होतो आणि एकेक करत मरतो. ब्रायन जोन्स १९६९ मध्ये गेला, बिल वायमनने १९९३ मध्ये बँड सोडला, २०२१ मध्ये चार्ली गेला. अशा समूहाची उत्तरशैली एका माणसाच्या नकारात शोधून सापडणार नाही. ती रिकाम्या झालेल्या जागेत ऐकावी लागते. ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’मध्ये चार्लीबरोबर वायमनही आहे, म्हणजे वायमन सोडून गेला तेव्हाचे पाचही जण त्या एका गाण्यात पुन्हा एकत्र आहेत. शेजारच्या गाण्यात ती जागा दुसऱ्याने भरलेली आहे. अल्बमचा उघडा सांधा हाच. कुठल्याही निर्मात्याला तो लिंपता आला नसता. आणि तो सर्वांत आधी ऐकू आला चाहत्यांना. सैदचा विचार इथे लागू पडतो. तो मी भलत्या जागी लावत होतो.

माझं मत पुरतं फिरलं ते मात्र ब्लूज गायक मडी वॉटर्समुळे. स्टोन्सना नाव मिळालं ते मडीच्या १९५० सालच्या गाण्यावरून. हा मडी १९५८ मध्ये इंग्लंडला गेला आणि विजेचं गिटार घेऊन उभा राहिला. शेतमजुराचा साधा, विजेविना वाजणारा ब्लूज ऐकायला आलेल्या श्रोत्यांपैकी अनेकांना ते किंचाळणं वाटलं. हा खरा ब्लूज नव्हे, अशी तक्रार झाली. म्हणून १९६३ मध्ये तो साधं गिटार घेऊन परत गेला, तर आता नव्या पोरांना विजेचंच गिटार हवं होतं. दोन्ही वेळा श्रोत्यांच्या मनात अस्सल मडी पक्का ठरलेला होता, आणि समोर उभा राहिलेला मडी त्यात बसत नव्हता.

१९६८ मध्ये चेस या रेकॉर्ड कंपनीच्या मार्शल चेसने तरुण श्रोत्यांसाठी मडीकडून ‘इलेक्ट्रिक मड’ करून घेतला. कर्कश, धुरकट, त्या काळच्या फॅशनचं गिटार, आणि त्यात स्टोन्सचंच एक गाणं मडीच्या आवाजात. शुद्धतावाद्यांनी त्याची खिल्ली उडवली, मडीलाही तो पुढे आवडेनासा झाला. मग १९७७ मध्ये, साठी उलटल्यावर, जॉनी विंटरच्या निर्मितीत त्याने ‘हार्ड अगेन’ केला. सगळे एका खोलीत बसून वाजवताहेत असं वाटायला लावणारा तो अल्बम. मडीचं खरं पुनरागमन तेच मानलं जातं. इथवर गोष्ट माझ्या बाजूची आहे. गुळगुळीत वाईट, खरखरीत चांगलं. पण गोष्ट इथे संपत नाही. पुढच्या पिढीत हिप-हॉपवाल्यांनी तोच धिक्कारलेला ‘इलेक्ट्रिक मड’ शोधून डोक्यावर घेतला. पब्लिक एनिमीचा चक डी तर तो वाजवणाऱ्या वादकांना शोधत शिकागोला गेला, आणि २००३ च्या एका माहितीपटात ते वादक पुन्हा एकत्र आले. ज्याला जाणत्यांनी बाजारू म्हणून फेकलं, त्यातून कुणाला तरी मडीचं दार उघडलं होतं.

हे आठवलं आणि माझी मला चूक दिसली. १९५८ च्या त्या श्रोत्यांसारखाच मी अस्सल स्टोन्सचं चित्र मनात पक्कं करून बसलो होतो. ते चित्र तरी कितपत खरं होतं? ज्या ‘टॅटू यू’ची शुद्धता आम्ही उगाळतो, तो १९८१ चा अल्बम मुख्यतः मागच्या वर्षांतल्या उरलेल्या टेपांवर उभा केला होता, दोन गाण्यांचा पाया तर १९७२ चा. पाहुण्यांची गर्दी म्हणावी, तर त्यात सॅक्सोफोनवर साक्षात सॉनी रोलिन्स आहे. जुन्या अल्बममधले सांधे आम्हाला ऐकू येत नाहीत, कारण त्यांच्यावर आमच्या तारुण्याचा गिलावा बसला आहे. माझी निम्मी तक्रार वॉटबद्दल नव्हती. मी म्हातारा झालो याबद्दल होती, आणि ती मी जॅगरच्या दारात नेऊन टाकली होती.

म्हणून आता माझं म्हणणं असं आहे. त्या समीक्षकांनी चाहत्याला समीक्षेबाहेर काढलं ते चूक आहे, कारण इतक्या वर्षांच्या ओळखीतून आलेला कान दुसऱ्या कुणापाशी नसतो. पण चाहत्यानेही आपला हक्क कुठवर आहे ते ओळखलं पाहिजे. त्याचा हक्क ऐकण्यावर आहे, तोलण्यावर आहे, नापसंत करण्यावरही आहे. कलावंताच्या वयावर त्याचा हक्क नाही. ‘ही गाणी दुबळी आहेत’ हे मत झालं. ‘यांनी आता थांबावं’ हे मत नव्हे. तो दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल दिलेला हुकूम आहे. पैशासाठी केलं म्हणाल, तर या माणसांना पैसा केव्हाच पुरेसा मिळाला होता. ऐंशीव्या वर्षी माणूस गायला उभा राहतो तो दुसरं काही येत नाही म्हणून, किंवा दुसरं काही करावंसं वाटत नाही म्हणून. दोन्ही कारणं कलेचीच आहेत.

आणि निकाल विचाराल तर सांगतो. बारा गाण्यांतली चार-पाच विसरली जातील. निर्मितीत चमक जास्त आहे, हे मी आजही म्हणेन. २०२५ मध्ये त्याला सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं, त्याने माझं मत इकडे-तिकडे होत नाही. पण ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’मध्ये गाणं संपलंसं वाटून थांबतं आणि पुन्हा उठतं, तेव्हा जॅगरचा आवाज गागाच्या आवाजाशी भिडतो. तिथे तो तरुण वाटत नाही, आणि तरुण वाटावं अशी त्याची धडपडही नाही. तो भुकेला वाटतो. त्यानंतरचं शेवटचं गाणं दोघांचंच आहे: कीथचं गिटार, मिकचा आवाज आणि माउथऑर्गन. ड्रम नाही, पाहुणा नाही. ज्या गाण्यावरून नाव घेतलं ते मडीचं गाणं स्टोन्सनी साठ वर्षांत कधी ध्वनिमुद्रित केलं नव्हतं. ते त्यांनी इथे केलं.

ज्यांनी हा अल्बम एकदा ऐकून बाजूला ठेवला त्यांना माझी विनंती आहे, की तो पुन्हा काढा आणि या वेळी शेवटच्या गाण्यापासून सुरुवात करा. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी डार्टफर्ड स्टेशनवर कीथला मिक भेटला, तेव्हा कीथच्या आठवणीप्रमाणे मिकच्या काखेत मडी वॉटर्सची एक तबकडी होती. त्या तबकडीवर हे गाणं आहे. अल्बम आला तो त्यानंतर बासष्ट वर्षं आणि तीन दिवसांनी.