महाकालीच्या गावातली झोप

चैत्रात चंद्रपुरात महाकालीची यात्रा भरते. मराठवाड्यातून, तेलंगणातून लोक येतात, झरपट नदीत अंघोळ करतात, रात्र रात्र देवीची गाणी म्हणतात. पण ज्या महाकालीसाठी ही जागरणं, ती सप्तशतीच्या पहिल्या चरित्रात साक्षात झोप आहे. मधु-कैटभ हे दैत्य ब्रह्मदेवाच्या अंगावर आले, विष्णू शेषावर गाढ झोपलेला. ब्रह्मदेव त्याला हलवून उठवत नाही. तो योगनिद्रेलाच विनवतो की आई, याच्या डोळ्यांतून उतर. ती उतरते तेव्हा कुठे देव जागा होतो. देवाचीही झोपेवर सत्ता नाही, तिथं आमची कुठून असणार?

मी कोळसा खाणीत नोकरी काढली. रात्रपाळी करून घरी यायचो तेव्हा ऊन चढलेलं असायचं. मे महिन्यात पारा ४५च्या पुढं, खिडकीला काळी चादर, कूलरच्या ताट्या वाळल्या की नुसती झळ. शिटीनं माझी झोप मोडू नये म्हणून बायको कुकर लावायची नाही, पातेल्यात डाळ शिजवायची. तरी भाजीवाल्याची हाक यायचीच. झोप लागायची, पण पातळ. पाळी बदलली की भूक भलत्याच वेळी लागायची आणि राग पोरांवर निघायचा. पुढं बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या. एकट्या रात्रपाळीला मी दोष देत नाही, तंबाखूही होती. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७ सालीच रात्रपाळीला कर्करोगाचं संभाव्य कारण ठरवलं. शरीरातलं घड्याळ पेशीपेशीत कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघांना २०१७चं नोबेल मिळालं. आमच्या कॉलनीत ते घड्याळ बिघडलेली माणसं घरोघरी होती.

कीर्तनात झोपेला तमोगुण म्हणून झोडपतात. मला ते कधी पटलं नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति झोपणारा आणि अति जागणारा दोघांनाही योग साधत नाही, असं स्वच्छ सांगितलंय. कीर्तनात निम्मंच ऐकू येतं. बृहदारण्यकात तर याज्ञवल्क्य जनकाला सांगतो की गाढ झोपेत माणसाचं बापपण गळतं, चोरपण गळतं, जातही गळते. म्हणजे मॅनेजर आणि लोडर रोज काही तास सारखे होणार. ही समता फुकट आहे, पण ती गाढ झोपेलाच मिळते. ज्याच्या वाट्याला पातळ झोप, तो चोवीस तास लोडरच राहतो.

जागण्याशी माझं वैर नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकं सुरू झाली की आम्हीही शाल गुंडाळून उजाडेपर्यंत बसतो, आणि दुसऱ्या दिवशी अख्खं गाव आडवं होतं. ते जागरण आपल्या मर्जीचं. दुसऱ्याची झोप रोज घेणं वेगळं, आणि माझ्या मते ते पापाच्या खात्यात जायला हवं. आपल्या धर्मशास्त्रात चोरीचे इतके प्रकार आहेत, त्यात याला जागा व्हायला काय हरकत होती?

माझा साळा सिंदेवाही तालुक्यात धान करतो. लोंब्या भरल्या की कापणीपर्यंत रात्री शेतात जागल. डुकरं धान लोळवतात, आणि डुकरांमागं वाघ येतो. पिकाचा पंचनामा होतो, झोपेचा होत नाही. मी त्याला माझ्या रात्रपाळीचं रडगाणं ऐकवत होतो, तर विडी विझवत म्हणाला, "भाऊजी, तुमाले जागाचे पैसे तरी भेटत होते."