पाचारण कोणाला?

लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर व फायवी १८१५ साली सुरतेस आले. त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे गुजराती भाषांतर सुरतेतच छापले गेले. १८४१ साली आयरिश प्रेसबिटेरियन मंडळीचे ग्लासगो व कर सपत्नीक गुजरातेत आले; त्याच वर्षी कर निवर्तले. त्यांचे नाव आपण आदराने घेतो. पण पाचारण त्यांच्या पत्नीलाही होते काय, हे विचारतो काय?

अब्रामाबरोबर साराय निघाली. तिच्या मनात काय होते ते शास्त्र सांगत नाही. दीर्घ सेवेसाठी परदेशी जाणाऱ्या घरातील लेकराची भाषा, शाळा, आजी-आजोबा सुटतात. मग जाऊच नये काय? तसे नव्हे. घरी राहूनही आईबाप लेकरासाठी निवड करीतच असतात. मात्र आपला त्याग आपण अर्पावा. दुसऱ्याचा आपल्याला अर्पिता येत नाही. म्हणून पत्नीचे ‘नाही’ हा अविश्वास न मानता दोघांनी मिळून प्रार्थना करावी. लेकराला होकार देता येत नाही, तेव्हा त्याच्यासाठी परतीची वाट मोकळी ठेवावी. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचा भार मंडळीने उचलावा. पाठवणे म्हणजे नुसती निरोपाची सभा नव्हे.