वाऱ्यांचे फिरवणे आणि शेजाऱ्याचा श्वास



सूरह अल-बकराच्या 164 व्या आयतीत अल्लाह तआलाने बुद्धी चालवणाऱ्यांपुढे आपल्या निशाण्यांची मालिकाच मांडली आहे. आकाश-पृथ्वीची निर्मिती, रात्र आणि दिवस यांचे येणे-जाणे, समुद्रावर चालणारी जहाजे, मृत जमिनीला जिवंत करणारे पाणी, आणि मग वाऱ्यांचे फिरवणे. या फिरवण्यासाठी तेथे ‘तसरीफ’ हा शब्द आला आहे. मदरशात हा शब्द मला आधी व्याकरणाच्या तासाला भेटला. एकाच धातूची निरनिराळी रूपे चालवणे, यालाही तसरीफच म्हणतात. धातू तोच, रूपे अनेक. हवेचेही तसेच आहे. हवा तीच, तापली की एक रूप, निवली की दुसरे.

तापलेली हवा प्रसरण पावते, विरळ व हलकी होते आणि वर चढते. थंड हवा दाट व जड असते, म्हणून ती खाली बसते आणि रिकाम्या होऊ पाहणाऱ्या जागेकडे सरकते. एवढ्या एका नियमावर केवढा कारभार चालतो! दिवसा जमीन लवकर तापते, समुद्राचे पाणी सावकाश. म्हणून दुपारी समुद्रावरची गार हवा किनाऱ्याकडे धावते. आपण तिला खारा वारा म्हणतो. रात्री जमीन लवकर निवते, पाणी ऊब धरून राहते, आणि वारा उलट फिरतो. तो मतलई वारा. पहाटेच्या मतलईवर होड्या बाहेर काढायच्या आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी परतायचे, हे शिडाच्या काळातील कोळ्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते. मोसमी वाऱ्यांच्या मुळाशीही जमीन व समुद्र यांच्या तापण्या-निवण्यातील हाच फरक आहे, फक्त तेथे दिवसाच्या जागी ऋतू आणि किनाऱ्याच्या जागी सारे खंड येते. ‘मोसम’ हा अरबी शब्द. त्या वाऱ्यांवर अरबांची गलबते कोकणात येत. हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916 च्या सुमारास, अल-मसऊदी हा प्रवासी सैमूरला, आजच्या चौलला आला, तेव्हा तेथे मुस्लिमांची मोठी वस्ती होती, असे त्याने लिहून ठेवले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. कुरआन हे हवामानशास्त्राचे पाठ्यपुस्तक आहे, असे सिद्ध करण्याची हौस मला नाही. उद्या शास्त्राचे मत बदलले तर आपण आयतीचा अर्थही बदलणार काय? कुरआन निशाणी दाखवतो आणि पाहायला सांगतो. पाहण्याचे काम आपले. या लेखाचे निमित्तही माझे न पाहणे हेच आहे.

आमची वस्ती खाडीकाठी, दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागी आहे. मशिदीच्या अंगणात देशी बदामाची दोन जुनी झाडे आहेत. थंडीत त्यांची पाने लाल होऊन ढिगांनी गळतात. फज्रला येणाऱ्यांना अंगण स्वच्छ मिळावे म्हणून पहाटेच झाडून पाने कोपऱ्यात पेटवावीत, असे मी सांगितले होते. पानांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्याही जळत. मशिदीच्या भिंतीला लागून एका वृद्ध चाचांचे घर आहे. त्यांची हयात जहाजावर गेली. आता दम्याने बेजार असतात. पहिल्या सफेतले हे चाचा महिनाभर फज्रला दिसेनात. थंडी बाधत असेल, असे मी धरून चालत होतो. शेवटी विचारपूस करायला गेलो. ते खोकत म्हणाले, “मौलवीसाहेब, पहाटे धूर वर जात नाही. घरातच येऊन बसतो. उद्या गच्चीवर जाऊन बघा.”

दुसऱ्या दिवशी अजानपूर्वी गच्चीवर गेलो. धूर कौलांच्या थोडा वरपर्यंत सरळ चढत होता आणि तेथे, जणू छताला टेकावा तसा, आडवा पसरत होता. साऱ्या वस्तीवर एक राखाडी चादर अंथरलेली होती. तिच्या वर आभाळ स्वच्छ, तारे लखलखीत.

हे असे का होते? सामान्यतः वर जावे तशी हवा थंड होत जाते. सरासरी दर 1000 मीटरला सुमारे 6.5 अंश सेल्सिअसने. म्हणून दिवसा जमिनीलगतची तापलेली हवा धुराला घेऊन वर निघून जाते. पण थंडीच्या लांब, निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि तिला टेकलेली हवाही गारठते. टेकड्यांच्या उतारावरची जड हवा ओघळून खोलगट भागात साचते. वरचा थर मात्र त्या मानाने उबदार राहतो. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. खाली थंड, वर उबदार. मग खालच्याने वर कशाला जावे? धूर काही उंचीवर निवतो, सभोवारची हवा त्याच्यापेक्षा हलकी असते, आणि तो तेथेच थांबतो. सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत हे झाकण निघत नाही.

हे झाकण केवढे घातक ठरू शकते, ते लंडनने 1952 च्या डिसेंबरात पाहिले. 5 ते 9 तारखेपर्यंत थंड हवा शहरावर बसून राहिली आणि घराघरांतील शेगड्यांचा व कारखान्यांचा कोळशाचा धूर खालीच कोंडला. त्या वेळच्या सरकारी अंदाजानुसार सुमारे 4000 माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा 12000 पर्यंत नेला. त्यांतील बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेही नसेल. प्रत्येकाने फक्त आपले घर उबदार ठेवले होते.

सूरह अश-शूरामध्ये (आयत 33) अल्लाह सांगतो की त्याने इच्छिले तर तो वारा थांबवतो आणि जहाजे समुद्राच्या पाठीवर निश्चल उभी राहतात. वाहणे ही निशाणी, तसे थांबणेही निशाणीच. वाऱ्याला शिव्याशाप देऊ नका, त्यातील भलाई मागा आणि त्यातील वाईटापासून आश्रय मागा, अशी प्रेषित (स.) यांची शिकवण आहे. त्या पहाटेच्या थांबलेल्या हवेचा तरी काय दोष? ती आपल्या रबच्या नियमात होती. नियमाबाहेर मी गेलो होतो.

मला अधिक बोचले ते वेगळेच. त्याच्या आदल्या महिन्यातील जुम्याला मी कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, या हदीसवर बोललो होतो. ज्याने माणसांना त्रास होतो त्याने फरिश्त्यांनाही होतो, हे मिंबरवरून मोठ्या आवेशात सांगितले होते. लसणाचा वास नमाज संपली की विरतो. माझ्या सांगण्यावरून पेटलेला धूर एका रुग्ण शेजाऱ्याच्या छातीत रोज उतरत होता, आणि ज्याचा शेजारी त्याच्या उपद्रवापासून सुरक्षित नाही त्याच्या ईमानाविषयी प्रेषित (स.) यांनी काय म्हटले आहे, हे मला तोंडपाठ होते.

‘माझ्या जागेत मी काय जाळावे हा माझा प्रश्न’ असे म्हणणाऱ्यांनी फिक्ह पाहावा. इजा करू नये आणि इजेच्या बदल्यात इजा करू नये, हा त्यातील पायाभूत नियम आहे. उस्मानी काळात 1869 ते 1876 या वर्षांत हनफी फिक्हवरून तयार झालेल्या ‘मजल्ला’ या कायदेसंग्रहात तर धुराचे उदाहरणच दिलेले आहे: घराशेजारी भट्टी उभारली आणि तिच्या धुराने घरात राहणे अशक्य झाले, तर तो त्रास दूर करवला जाईल. भट्टीवाल्याची मालकी कोणी नाकारत नाही. पण हवेला कुंपण घालता येत नाही.

मी चाचांची माफी मागितली. ते हसले आणि “चहा घ्या” म्हणाले. आता पाने अंगणामागच्या खड्ड्यात टाकतो, वर माती पसरतो. पिशव्या वेगळ्या ठेवतो. खड्ड्यामुळे डास होतील अशी कुरकूर झाली, ती अगदीच निराधार नाही. पाणी साचू नये म्हणून पावसाळ्यात त्यावर पत्रा टाकावा लागेल. चाचा आता येतात, तोंडाला रुमाल बांधून, कारण खालच्या आळीतील एका घरी अजूनही पहाटे कचरा पेटतो. त्या घरी मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या वेळी त्या भाऊंना माझ्याबरोबर गच्चीवर येण्याची विनंती केली, तेव्हा ते म्हणाले, “थंडीत इतक्या पहाटे?” या शुक्रवारी जुम्यानंतर पुन्हा जाणार आहे.