खुळखुळा

आमच्या खालच्या बांधावर खुळखुळा माजायचा. पावसाळा सरता सरता पिवळी फुलं, नि पुढं वाळलेल्या शेंगा. शेंग कानाशी हलवली की आतल्या बिया खुळखुळ वाजायच्या. आम्हा पोरांचं ते फुकटचं खेळणं.

आश्विनात त्याच्यावर पाखरं यायची. फुलपाखराला आजी पाखरूच म्हणायची. काळे पंख, त्यांवर निळसर ठिपके नि रेघा. शहरात त्यांना ब्ल्यू टायगर म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. दक्षिणेत ती पावसाच्या तोंडाला सह्याद्री सोडून पूर्वेकडं जातात नि पाऊस ओसरला की थव्यानं माघारी फिरतात. खुळखुळ्यावर बसतात ते बहुतेक नर. फुलापेक्षा मोडलेल्या, सुकलेल्या पानादेठाला सोंड लावतात. त्यातलं कडू विष अंगात मुरलं की पक्षी वाटेला जात नाहीत, नि मादीला भुलवणारा वासही त्यातूनच तयार होतो.

तेच विष गुराच्या काळजाला लागतं.

एका साली श्रावण कोरडा गेला. वैरण संपली, म्हणून कपिलेला बांधावर सोडली. एरवी गुरं खुळखुळ्याला तोंड लावत नाहीत, पण भूक काय निवड करते? गाय खंगत गेली. डॉक्टरांनी विचारलं, बांधावर काय खाल्लं? दसऱ्याच्या आधी ती गेली.

दादांनी सगळा खुळखुळा उपटून ढीग घातला. दोन दिवसांत तो सुकला, नि पाखरं आली. इतकी कधी आली नव्हती. दादा रॉकेल घेऊन निघाले तर आजी आडवी.

"थांब. पाव्हणं हाईत ती. उठू देत, मग पेटीव."

"कपिला गेली, आये."

"त्यास्नी मारली व्हय?"

दादा काही बोलले नाहीत. बिडी ओढत बांधावर बसून राहिले. दिवस कलला, पाखरं आंब्याकडं गेली, तेव्हा ढीग पेटवला. दुसऱ्या सकाळी पाखरं परत आली, राखेवर घिरट्या घातल्या नि गेली.

बरोबर कोण, हे मी अजून स्वतःला विचारतो. गाईला नाव होतं, गोठा होता. पाखरू कुणाचंच नाही. उपाशी गाय बांधावर आम्हीच सोडली, झाडाचा काय दोष, असं म्हणता येतं. पण ते मला आज म्हणता येतं, कारण माझ्याकडं पगार आहे नि दूध पिशवीतून येतं.

परसात मी खुळखुळ्याची आठ झाडं लावलीत, तारेच्या आत. शेजारी म्हणतो, "इख लावतोस रं." गेल्या साली त्याचं करडू तारेखालून आत शिरलं. धावत जाऊन बाहेर ओढलं, जबडा उघडून पाहिला. पान खाल्लं होतं की नाही, कळेना. करडू बरं राहिलं. माझी रात्र काही झोपेत गेली नाही. सकाळी खालून आणखी एक तार ओढली. आठातली पाच झाडं उपटली नि तारेच्या आतच वाळत टाकली. तीन ठेवली.