दोन न्हाण्यांमधला दिवस

आज डोक्यावरून न्हायचं नाही, एवढं आधी ठरवा. आज केसांचा मधला दिवस आहे. परवा धुतले होते, पुढचं न्हाणं उद्या किंवा परवा. आठवड्यात असेच दिवस जास्त असतात, पण आपलं त्यांच्याकडे लक्ष जात नाही. आरशात भांगाशी चकाकी दिसली, बट कपाळाला चिकटली, की तेवढ्यापुरतं वैतागतो आणि केस घट्ट बांधून मोकळे होतो. आज बांधू नका. मोकळेच राहू द्या आणि थोडा वेळ मनन करायला बसा.

एका वाटीत दोन चमचे तांदळाची पिठी घ्या. भाकरीचं पीठ नको, ते रवाळ असतं. पिठी मलमलीच्या फडक्यातून वस्त्रगाळ करा. बोटांच्या चिमटीत घेतली तर तिचा कण जाणवता कामा नये. घरात आरारूट असेल तर तेही चालेल. खांद्यावर जुना पंचा, हाताशी रुंद दातांची फणी आणि मऊ ब्रश. पंखा बंद करा, नाहीतर पिठी नाकात जाईल आणि मनन शिंकांतच संपेल.

आता मन दूर न्या, तमिळनाडूत. कुंभकोणमहून मयिलादुतुरैच्या रस्त्याने पूर्वेकडे सात-आठ किलोमीटरवर तिरुभुवनम् आहे. तिथलं कंपहरेश्वराचं देऊळ तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलं. त्याचा राज्यकाळ ११७८ ते १२१८. तंजावर, गंगैकोंडचोळपुरम् आणि दारासुरम् इथे चोळांनी जी थोर देवळं उभारली, त्या मालिकेतलं हे शेवटचं. देवळात शरभेश्वराचं, म्हणजे शिवाच्या एका रूपाचं, स्थान आहे आणि रविवारी राहुकाळात तिथे रांग लागते. मराठी माणसाला इथे एक धागा सापडतो. तंजावरच्या भोसल्यांपैकी दुसरे सरफोजी, ज्यांनी १७९८ ते १८३२ राज्य केलं, त्यांना दरबारी कवी शरभेंद्र म्हणत. वैद्यकाची त्यांना इतकी ओढ होती की धन्वंतरी महाल उभारून त्यांनी औषधयोग पारखून लिहवून घेतले. पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते शेजारच्या कुंभकोणममध्ये, तिथल्या मराठी घरात. म्हणजे आपण अगदीच परक्या गावात आलेलो नाही.

या भागातली सकाळ पाहा. उंबऱ्यापुढे चिमटीतून तांदळाची पिठी सुटते आणि कोलम, म्हणजे तिथली रांगोळी, उमटतो. न्हाऊन आलेला माणूस कपाळावर विभूतीची बोटं ओढतो. शाळेला निघालेल्या मुलीच्या मानेवर पावडरचा पांढरा थर असतो. कोरडी पूड आणि माणसाची कातडी यांचं इथे जुनं सख्य आहे. चिमटीत किती घ्यायची आणि कुठे सोडायची, हे इथल्या हातांना शिकवावं लागत नाही.

तुम्हीही आता हात वापरा, पण पूड अजून नको. दोन्ही हातांच्या बोटांची पेरं डोक्यावर ठेवा. नखं लावू नका. कपाळाच्या कडेपासून टाळूपर्यंत आणि टाळूपासून मानेच्या खळगीपर्यंत हळू सरका. कुठे ओलसर लागतं, कुठे तेलकट, कुठे कोरडं? कानामागे आणि टाळूवर सारखं लागत नाही. साधारण लाखभर केस या एवढ्याशा जागेत उगवतात आणि महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. प्रत्येकाच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्या संप्रेरकांच्या हुकमाने चालतात. तुम्ही काल न्हालात की नाही, याची त्यांना खबर नसते. बोटांना लागतं ते तेल त्यांचंच. सरळ केसांवरून ते भराभर टोकाकडे उतरतं, कुरळ्या केसांत मुळाशीच अडकून राहतं. म्हणून एकाच घरात एकीचं डोकं दुसऱ्या दिवशी तेलकट दिसतं आणि तिच्या बहिणीचं चौथ्या दिवशीही दिसत नाही. यात कुणाचा आळस नाही की टापटीप नाही.

बोटं नाकाशी न्या. वास घ्या. स्वतःच्या डोक्याचा वास आपण क्वचितच घेतो, आणि घेतला तर नाक मुरडण्यासाठीच. आज नुसता घ्या.

आता भांग पाडा. भांगाच्या दोन्ही अंगांना, मुळापासून बोटभर अंतरावर, पिठी चिमटीने सोडा. थोडीशीच. मग त्याच्या शेजारी दुसरा भांग, मग तिसरा. केस ओले किंवा घामट असतील तर इथेच थांबा आणि आधी वाळू द्या, कारण पाणी लागलं की पिठीची लापशी होते. ऐप्पसी-कार्तिगै या तमिळ महिन्यांच्या पावसात, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, कावेरीच्या खोऱ्यात हवाच इतकी दमट असते की तिथे हा प्रयोग फसतो. आपल्या कोकणातही जूनपासून तेच.

पिठी टाकून झाली? आता दहा मिनिटं काही करू नका. हात मांडीवर ठेवा. मननाचा खरा भाग इथे आहे, कारण या दहा मिनिटांत जे घडतं त्यात तुमचं काहीच काम नाही.

पिठीतल्या तांदळाच्या स्टार्चचा एकेक कण तीन ते आठ मायक्रोमीटरचा असतो. केस त्याच्या कितीतरी पट जाड. असे असंख्य कण एकमेकांना टेकून बसले की त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फटी तयार होतात आणि केसावरचं तेल त्या फटींत ओढलं जातं, शाई टीपकागदात जाते तसं. तेल विरघळत नाही, नाहीसंही होत नाही. ते फक्त केसावरून कणांवर जातं, आणि कण झाडले की त्यांच्याबरोबर निघून जातं.

तोवर पुन्हा तिरुभुवनम्कडे वळा. ते रेशमाचं गाव आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेली तिथली विणकरांची सहकारी संस्था आजही साड्या विणून विकते आणि तिथल्या रेशमी साडीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. या साडीची घडीसुद्धा निराळी, पंख्यासारखी निऱ्या घातलेली. कच्च्या रेशमाचा जवळजवळ पाव हिस्सा वजन डिंकासारख्या चिकट प्रथिनाचं असतं. रंगवण्याआधी साबण-सोड्याच्या उकळत्या पाण्यात ते काढून टाकतात, तेव्हा आतली झळाळी दिसते. पण एकदा साडी झाली की तिला पाण्याचं भय. ती सुती फडक्यात गुंडाळून ठेवायची, मधूनमधून उलगडून सावलीत वारा द्यायचा, घडी बदलायची. आणि पंगतीत तुपाचा थेंब पडला तर? पैठणीवर पडला तर आपल्याकडे काय करतात, आठवा. कोणीतरी धावत जाऊन पावडरचा डबा आणतं. डागावर पावडर भुरभुरायची, हात लावायचा नाही, थांबायचं, मग हलकेच झाडायची. रेशीमही प्रथिनाचा तंतू आणि केसही. तुमच्या डोक्यावर या क्षणी चाललेलं काम तेच आहे. पैठणीसाठी जो धीर आपण सहज धरतो, तो स्वतःच्या केसांसाठी धरवत नाही, याची मला गंमत वाटते.

श्वास संथ असू द्या. अजून वेळ आहे.

तमिळ घरांमध्ये तेल लावून न्हाण्याचे वार ठरलेले असत: बायकांचे मंगळवार आणि शुक्रवार, पुरुषांचे बुधवार आणि शनिवार. आपल्याकडेही शिकेकाई उकळून न्हाण्याचा एक वार असे, बहुतेक घरांत रविवार. म्हणजे मधल्या दिवसांना घराची मान्यता होती. मंगळवारी न्हालेली बाई गुरुवारी घाणेरडी ठरत नसे. मधल्या दिवसांसाठी वेणी होती, मोगरा होता, दवणा-मरवा होता. न्हाल्यावर निखाऱ्यावर साम्ब्राणी, म्हणजे आपला ऊद, टाकून त्यावर टोपली उपडी घालत आणि केस पसरून धुरावर सुकवत. ही रीत फार जुनी आहे. संगमकाळच्या तमिळ काव्यात अगरूच्या धुराने केस सुकवणाऱ्या स्त्रिया येतात आणि कालिदासाच्या मेघदूतात उज्जयिनीच्या खिडक्यांतून असाच धूर बाहेर पडतो.

कोरड्या पुडीची आपली रीतही आहेच. बाळाला न्हाऊ घातलं की टाळूवर वेखंडाची पूड चोळायची आणि ओवा, बाळंतशेपा, वावडिंगाची धुरी द्यायची. केरळात न्हाल्यावर टाळूवर रास्नादी चूर्ण चोळतात. दोन्हीकडे हेतू केस ताजे दिसण्याचा नाही, डोक्यात ओल राहून सर्दी होऊ नये हा आहे. तान्ह्या बाळाजवळ कोणतीही पूड उडवू नये असं आताचे बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि ते ऐकावं. पूड श्वासातून छातीत गेली तर त्रास होतो.

युरोपात अठराव्या शतकात बडे लोक केसांच्या टोपांवर स्टार्चची पूड फवारत. १७९५ मध्ये, धान्याची टंचाई असताना, ब्रिटनचे पंतप्रधान विल्यम पिट यांनी केसांच्या पुडीवर माणशी वर्षाला एक गिनी कर बसवला आणि ती चाल झपाट्याने ओसरली. ही पूड मिरवण्याची होती. आपल्या वाटीतली वेगळी.

आता आलेल्या ड्राय शॅम्पूच्या बाटल्यांत मुख्य घटक बहुधा स्टार्चच असतो, तांदळाचा, मक्याचा किंवा टॅपिओकाचा. फवाऱ्याच्या डब्यात त्याला बाहेर ढकलायला ब्युटेन, प्रोपेनसारखे वायू भरतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये युनिलिव्हरने अमेरिकेत आपल्या काही ब्रँडचे असे डबे परत मागवले, कारण त्यांत बेंझीन असण्याची शक्यता होती. बेंझीन कर्करोगाला कारण ठरतं आणि संशय या वायूंवरच होता. टाल्कलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातलं. साडीवर टाल्कम भुरभुरली तर ती झाडून जाते. डोक्यावर रोज टाकणं आणि तिची धूळ श्वासात घेणं, हे मी तरी करणार नाही. वाटीतली पिठी दिसायला साधी असेल, पण तिच्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं.

कुणी शिकेकाईची पूड कोरडीच लावायला सांगेल. लावू नका. शिकेकाईतलं सॅपोनिन पाण्याशिवाय फेस धरत नाही. कोरडी असताना ती फक्त डोळे झोंबवते आणि शिंका आणते.

दहा मिनिटं झाली असतील. मान पुढे झुकवा, पंचा मांडीवर पसरा. पेरांनी मुळं हलकेच चोळा आणि मग ब्रश मुळापासून टोकापर्यंत ओढा. घाईने नाही. दर फटक्याला थोडी पूड पंचावर उतरेल. काळ्याभोर केसांत पांढरी झाक उरली तर अजून झाडा. शक्य तेवढी सगळी काढायची. डोक्यात ठेवण्यासाठी ती नव्हतीच.

पंचावरची पूड चिमटीत घ्या. मघाची सुटी भुरभुरीत पिठी आता किंचित जड, गोळा होऊ पाहणारी लागेल. डोक्यावरचं तेल हे असं हातात येतं. बहुतेकांनी ते कधी पाहिलेलं नसतं. शॅम्पूच्या फेसाबरोबर ते मोरीत जातं.

आता आरशात पाहा. चकाकी गेली आहे, केस सुटे झाले आहेत, मुळाशी जरा उचलले गेले आहेत. ताजं वाटतंय. पण डोकं स्वच्छ झालेलं नाही. घामाचं मीठ तिथेच आहे, मेलेल्या त्वचेचा भुगा तिथेच आहे, डोक्याच्या त्वचेवर जगणारी सूक्ष्म बुरशीही तिथेच. पुडीने वरचं तेल तेवढं उचललं. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवा. दिसणं सुधारलं यात खोटं काही नाही; त्यालाच धुणं समजलं, की पूड तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, थरावर थर चढत जाते आणि डोकं खाजू लागतं. दोन न्हाण्यांच्या मध्ये एकदा, फार तर दोनदा, मग पाणी. डोक्यात कोंडा, खरूज, फोड किंवा चट्टे असतील तर एकदाही नको. आधी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक सांगायचं आहे. ही पूड सगळ्यात उपयोगी पडते ती ज्याला न्हायला उठताच येत नाही त्याला. शस्त्रक्रियेनंतर टाके ओले करायचे नसतात, खुब्याचं हाड मोडून आजी सहा आठवडे अंथरुणाला असते, तापाने अंगात त्राण नसतं. अशा माणसाला आठवडाभर कुणी डोक्याला हात लावलेला नसतो. तुमच्या घरी असं कुणी असेल तर आज शिकलेलं सगळं तिथे न्या. आधी विचारा, ‘केस विंचरून देऊ का?’ डोळ्यांवर ओला रुमाल ठेवा. पूड त्या माणसाच्या डोक्यावर भुरभुरू नका. आपल्या तळहातावर घ्या आणि पेरांनी मुळाशी लावा, म्हणजे धूळ उडणार नाही. उशीवर जुनं फडकं अंथरा. दहा मिनिटं तिथून उठू नका, जवळच बसा. मग उलगडत उलगडत, टोकाकडून सुरुवात करून गुंता सोडवा आणि सैल वेणी घाला.