बालक हाही गुरूच

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

सद्गुरू महाराजांच्या चरणी दंडवत घालून या गुरुवारचे चार शब्द लिहीत आहोत. यात थोडी कबुलीही आहे. ती आम्हा वडीलधाऱ्यांचीच आहे, म्हणून आमच्याच हातून लिहिलेली बरी.

आपण दत्तभक्त. अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा त्या निश्चिंत अवधूताला विचारतो, की बाबा रे, एवढा आनंद तुला कुठून मिळाला? अवधूत सांगतो, मी चोवीस जणांकडून शिकलो. याच एकादश स्कंधावर नाथमहाराजांनी टीका लिहिली आणि काशीक्षेत्री ती पूर्ण केली. केंद्रात तिचे पारायण आपण दर वर्षी करतो.

आता ती यादी जरा आठवून पाहा. पहिला गुरू पृथ्वी. पुढे वारा, आकाश, पाणी, अग्नी. मग कबुतर, अजगर, समुद्र, मधमाशी... आणि शेवटाकडे येतात बालक आणि कुमारी. एक लहान मूल आणि एक लग्नाची मुलगी! मोठे पंडित, आचार्य, महंत यांतले कोणी त्या यादीत नाही. माती आहे, पाणी आहे, पोरेटोरे आहेत. आम्ही ही यादी शेकडो वेळा वाचली. पण माती, पाणी आणि पोरे यांनीच गेल्या वर्षी आमची परीक्षा घेतली, आणि पहिल्या फेरीत आम्ही नापास झालो.

झाले ते असे. केंद्रातली कॉलेजात जाणारी सात-आठ मुलेमुली गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी आमच्याकडे आली. म्हणाली, केंद्राचे निर्माल्य तलावात टाकणे बंद करू या, आम्ही त्याचे खत करतो. दुसरे म्हणाली, मागच्या बस्तीतल्या मुलांना गुरुवारी संध्याकाळी शिकवायचे आहे, कारण आठवड्यात तेवढाच दिवस सगळ्यांना जमतो.

निर्माल्याचे ऐकून आम्हांला आधी रागच आला. देवाची फुले कुजवायची? त्यावर त्यांच्यातली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, तलावात गेल्यावर ती कुजतच नाहीत का? आणि तेच पाणी नळाला येतं ना आपल्याकडे?"

उत्तर नव्हते. बडा तालाब म्हणजे भोपाळचा प्राण. राजा भोजाने अकराव्या शतकात कोलांस नदीवर बांध घालून तो केला अशी आपली परंपरा सांगते. हजार वर्षे होत आली, अजूनही शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा तिथूनच येतो. पावसाळ्यात पातळी १६६६.८० फुटांना टेकली आणि भदभदाचे दरवाजे उघडले की सगळे शहर पोराबाळांसह बघायला जाते. २००२ मध्ये मोठा आणि छोटा तलाव मिळून 'भोज वेटलँड' या नावाने रामसर यादीत आले, म्हणजे जगाने जपावे अशा पाणथळींत त्यांची गणना झाली. आणि आम्ही तिथे काय नेत होतो? गोण्या भरभरून हार, त्यांतला नायलॉनचा दोरा, जरीचा कागद, उदबत्तीची पाकिटे.

मुलांनी आम्हांला समजावले. फुले पाण्यात कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खातात, मग मासे गुदमरतात. कुजल्यावर जे उरते त्यावर शेवाळ आणि जलकुंभी माजते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मातीसारखी विरघळत नाही, तळाशी जाऊन बसते, आणि तिच्या रंगांतले विषारी धातू पाण्यात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सूचनांत अशा मूर्ती नकोत असे स्पष्टच म्हटले आहे. हे सगळे वर्तमानपत्रांत येऊन गेले होते. आम्ही वाचले होते आणि घडी घालून ठेवले होते.

पाणी या गुरूकडून काय शिकायचे, ते अवधूत सांगतो. पाणी स्वभावानेच निर्मळ, मऊ आणि गोड असते, आणि जो त्याला शिवेल त्याला पवित्र करते. साधूने तसे असावे. अहो, पण गुरूच्या अंगावर कचरा टाकून शिष्याला पावित्र्य कसे मिळणार?

आणि भोपाळकरांना तर ही गोष्ट कोणी शिकवायला नको होती. १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री काय झाले ते आमच्यापैकी अनेकांनी अंगावर घेतले आहे. वायू त्या रात्री सुटला, पण कारखान्याच्या आवारातला विषारी कचरा तिथेच राहिला. आजूबाजूच्या वस्त्यांतले जमिनीतले पाणी बिघडले, त्यांना दुसरीकडून नळाचे पाणी द्यावे म्हणून लोकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तिथला सुमारे ३३७ टन कचरा बारा कंटेनरांत भरून पीथमपूरला निघाला तो २०२५ च्या जानेवारीत. चाळीस वर्षांनी! आणि मग पीथमपूरचे लोक विचारू लागले, आमच्या दारात का? त्यांचे काय चुकले? टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या कोणाच्या तरी दाराशी जाते. ज्या गावाने हे भोगले त्या गावाच्या भक्तांनी आपली गोणी तलावात रिकामी करून हात जोडावेत, हे बरे नव्हे.

तर निर्माल्याचे आम्ही मान्य केले. गुरुवारच्या वर्गाचे मात्र अडले, कारण गुरुवार म्हणजे आरतीचा दिवस. मुले बस्तीत गेली की आरतीला ताल धरायला कोणी उरेना. दोन-तीन गुरुवार असे गेल्यावर बैठकीत आमच्यातले एक ज्येष्ठ बोलून गेले, "समाजकार्य करायचं तर बाहेर करा, इथे आधी आरतीला या." बाकीचे आम्ही गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे आम्हीही तेच बोललो.

मुलांनी उलट शब्द काढला नाही. फक्त पुढचे तीन गुरुवार ती केंद्रात आली नाहीत. आरती झाली, प्रसाद झाला, पण मंडपात सगळी पांढरी डोकी. चौथ्या गुरुवारी आरती आटोपून आम्ही चौघे-पाच जण बस्तीत गेलो. खरे सांगायचे तर समज द्यायलाच गेलो होतो.

एका पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर वर्ग भरला होता. वीस-बावीस मुले, खाली पोती अंथरलेली. पुढच्या रांगेत एक आठ वर्षांची मुलगी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत होती. ओळखीची वाटली. आपल्या केंद्रात झाडलोट करणाऱ्या ताईंची ती मुलगी. पाळण्यात होती तेव्हापासून आईबरोबर केंद्रात येते. आठ वर्षे आम्ही तिच्या हातावर प्रसाद ठेवला. ती तिसरीत गेली तरी तिला वाचता येत नाही, हे आम्हांला ठाऊक नव्हते. सभामंडपाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले गुरुवचन ती रोज पाहत होती. तिच्यासाठी ती नुसती नक्षी होती.

त्या रात्री समज कोणाला मिळाली, ते सांगायला नको.

घरी परतताना नाथमहाराजांची आठवण झाली. पैठणला गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक अंत्यजाचे पोर रडत होते. नाथ तिथून जात होते. सोवळ्याचा विचार न करता त्यांनी त्याला उचलले, डोळे पुसले आणि त्याच्या घरी नेऊन पोहोचवले. ही कथा आम्ही कीर्तनात किती वेळा डोळ्यांत पाणी आणून ऐकली! आणि ते पोर आठ वर्षे आमच्या अंगणात खेळत होते. त्याला उचलले आमच्या मुलांनी. आम्ही त्यांना आरती चुकल्याबद्दल रागावलो.

याच भोपाळात एक उदाहरण आधीच होऊन गेले आहे. अरेरा हिल्सच्या दुर्गानगर झोपडवस्तीत, मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर, मुस्कान अहिरवार नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने आपल्या घरापुढे मुलांचे पुस्तकालय सुरू केले. राज्य शिक्षा केंद्राने दिलेली पंचवीसच्या आसपास पुस्तके, एवढेच भांडवल. शाळा सुटली की ती पुस्तके बाहेर मांडायची, मुलांना वाचून दाखवायची, घरी न्यायला द्यायची आणि परत आणल्यावर काय वाचले ते विचारायची. २०१६ मध्ये नीती आयोगाने तिचा दिल्लीत सन्मान केला. पण आम्हांला त्या सन्मानापेक्षा तो प्रश्न मोठा वाटतो. पुस्तक परत घेताना "काय वाचलंस?" असे विचारणे म्हणजे त्या मुलाला माणूस म्हणून मोजणे. आम्ही प्रसाद दिला, विचारले काहीच नाही.

चांगदेवांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. परंपरा म्हणते की ते चौदाशे वर्षांचे योगी होते, आणि शेवटी गुरू केले ते लहानग्या मुक्ताबाईला. चांगदेवांची थोरवी त्यांच्या वाघापेक्षा त्या नमस्कारात जास्त आहे. वय वाढले की वाकणे अवघड जाते, आणि हे फक्त गुडघ्यांपुरते खरे नाही.

आता तरुण साधकांनो, थोडे तुमच्याशी. कौतुक झाले, तसा दोन शब्दांचा हक्कही आम्हांला द्या.

बालक गुरूकडून अवधूत शिकला तो निश्चिंतपणा. मुलाला मान नाही, अपमान नाही, आपल्याच खेळात ते रमलेले असते. तुमच्या सेवेत तो खेळ राहू द्या. कोणी पाठ थोपटली म्हणून दुप्पट काम आणि कोणी बोलले म्हणून रुसवा, असे होऊ देऊ नका. आमचे शब्द तुम्ही ज्या शांतपणे घेतले, तो शांतपणा जपा.

आणि कुमारी गुरू. घरी पाहुणे आले, ती आत भात कांडत होती, हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. तिने एकेक करून बांगड्या उतरवल्या आणि प्रत्येक हातात एकच ठेवली. ग्रंथात याचा बोध एकांताचा आहे. आम्हांला त्यात आणखी एक दिसते, की आवाज थांबला, कांडण थांबले नाही. हल्ली सेवा कमी आणि फोटो जास्त, असे पुष्कळ ठिकाणी होते. वही देताना मुलाचा चेहरा मोबाईलकडे वळवू नका. त्याच्या गरिबीची छबी आपल्या ग्रुपवर फिरवायला ते काही आपले पाहुणे नाहीत. आणि वर्ग सुरू केलात तर मध्येच सोडू नका. दोन महिने शिकवून गायब झालेला दादा मुलाच्या मनात अविश्वास पेरून जातो. परीक्षा आली, नोकरी लागली, तर आपल्या जागी दुसरा उभा करून मगच निघा.

महाराज नेहमी सांगतात, की सेवा म्हणजे आपल्याला आवडते ते देणे नाही, समोरच्याला लागते ते देणे. या वाक्याचा अर्थ आम्हांला उशिरा कळला, पण कळला.

केंद्रात आता बदल झाले आहेत, ते कळवतो. गुरुवारची आरती साडेसातऐवजी साडेआठला होते, म्हणजे वर्ग संपवून मुले येतात आणि बस्तीतली काही पोरेही त्यांच्यामागून येतात. झांजा पुन्हा तालात वाजू लागल्या आहेत! व्यवस्थापन समितीत दोन तरुण घेतले आहेत, नुसते सतरंज्या उचलायला नव्हे, मत द्यायला. निर्माल्यातला दोरा आणि कागद वेगळा काढून फुलेपाने, सुका पाला, माती आणि थोडे शेण यांचे थर मागच्या अंगणात लावले जातात. थर ओलसर ठेवायचे, आठवड्याने खालीवर करायचे. दोन-अडीच महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत होते. पहिले खत बस्तीतल्या आयांनी नेले आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत मेथी लावली. देवाला वाहिलेले फूल कोणाच्या तरी ताटात गेले. याहून चांगले विसर्जन कोणते?

इतर केंद्रांना आमची विनंती एवढीच. येत्या गुरुवारी आपल्या केंद्राचे निर्माल्य कुठे जाते ते स्वतः चालत जाऊन पाहा. केंद्रात झाडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या माणसांच्या मुलांना वाचता येते का, ते प्रेमाने विचारा. आणि तरुण मुले काही सांगायला आली तर "आधी आरतीला या" म्हणण्यापूर्वी एकदा त्यांच्यामागून जाऊन या.

ती आठ वर्षांची मुलगी मागच्या महिन्यात सभामंडपात भिंतीपुढे उभी होती. बोटाने हवेतच अक्षरे गिरवत तिने ते गुरुवचन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, दोनदा अडखळून. मग मागे वळून आम्हांला विचारले, "याचा अर्थ काय?"

तेव्हापासून आम्ही त्याचाच विचार करीत आहोत.

सर्वांचे कल्याण असो.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥

आपले,
भोपाळ केंद्रातील सेवेकरी